वाऱ्यानं फाटलेलं झाड

रविवारी सकाळी मिस्त्री करवत घेऊन फाटकाजवळच्या सफरचंदाच्या झाडाखाली उभे राहिले, तेव्हा शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलंच, "काय हो मिस्त्री, झाडाला झालं काय?"

"वाऱ्यानं फाटलं," मिस्त्री म्हणाले.

काल वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं! मिस्त्रींचा मुलगा शाळेची पिवळी व्हॅन चालवायचा. काल संध्याकाळी मुलांना घरोघरी सोडून तो परतला, तो ढोसूनच. वळताना गाडी झाडावर घातली. बुंधा हातभर उभा चिरला आणि अर्धं झाड हिरव्या फळांसकट बाहेर कललं. मुलगा घरात अजून घोरत होता. झाड दिसलं की लोक विचारणार, म्हणून ते आडवंच करायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं होतं. याआधी व्हॅनचा दिवा फुटला तेव्हा "रस्ता खराब", आरसा गेला तेव्हा "ट्रकवाला आंधळा". मुलासाठी थापा मारण्यात हा सरळमार्गी सुतार चांगलाच तरबेज झाला होता.

मिस्त्रींची थोरली बहीण बाहेर आली. "अरे, ते मरतंय, की तूच मारतोयस?"

"नाही वाचायचं ते, ताई."

"लोकांची मोडकी कपाटं जोडण्यात जन्म गेला तुझा. मला नको शिकवूस. खरं बोल."

मिस्त्रींनी चिरेत बोटं घातली. लाकूड ओलं, ताजं होतं. "वाचेल कदाचित," ते हळूच म्हणाले. "शिकंज्यात धरून दोन्ही बाजू जवळ आणायच्या, आरपार बोल्ट घालायचे. भार कमी करायला यंदाची सगळी फळं उतरवायची. पण बोल्ट दिसणार गं. येणारा-जाणारा विचारणार."

"विचारू दे की! त्याचं पिणं झाकायला आज झाड तोडतोयस. उद्या काय करशील?"

"पोटचा पोर आहे. नोकरी जाईल त्याची. घर त्याच्या पगारावर चालतंय. सुधारेल हळूहळू."

"दोन वर्षं तू हेच म्हणतोयस आणि दोन वर्षं तो उजळ माथ्यानं पितोय. तू सांभाळून घ्यायला बसलायस, मग त्याला कसली भीती? चल, ये इकडे."

तिनं त्यांना दंडाला धरून व्हॅनपाशी नेलं. चेपलेलं दार मुलांच्या बाजूचं होतं. आतलं बाक उखडून समोरच्या बाकाला भिडलं होतं. मध्ये पाऊल ठेवायलाही जागा उरली नव्हती.

"इथं कोण बसतं रे?"

मिस्त्रींना ठाऊक होतं. सगळ्यात शेवटी उतरणारी, चष्मेवाली, इवलीशी पोर. काल ती उतरल्यावर हे घडलं.

"अरे देवा!" मिस्त्रींनी करवत आत ठेवून दिली आणि बोल्टसाठी ड्रिल काढलं.

झाडाला भोकं पाडायचा आवाज ऐकून मुलगा डोळे चोळत बाहेर आला. "बाबा, हे काय? सगळ्यांना कळेल!"

"कळू दे. व्हॅनची किल्ली दे."

"माझी नोकरी जाईल!"

"जाईल. मग तुला डॉक्टरकडे नेईन."

"बाप आहात की वैरी?" मुलानं किल्ली अंगावर फेकली. मिस्त्रींच्या काळजाला घरं पडली, पण हात थांबला नाही. संध्याकाळपर्यंत कच्ची फळं टोपल्या भरभरून उतरवली. झाड जगेल की नाही, हे पुढच्या बहराशिवाय कळणार नव्हतं.

सोमवारी ते मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत उभे राहिले. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, माझा मुलगा पिऊन गाडी चालवतो. मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

बाईंनी मान वर केली. "दोन वर्षं?"

मिस्त्रींपाशी उत्तर नव्हतं.

मंडळी, आपल्यापैकी किती जणांपाशी आहे? घरातलं माणूस पितं, हे सांगताना मान खाली जाते, कबूल. पण आपण गप्प बसतो आणि तो धोका दुसऱ्याच्या लेकराशेजारी नेऊन बसवतो. म्हणून आजच बोला. कुणाचं तरी पोर घरी परतायचं राहून जाण्याआधी बोला!