गाऱ्हाण्याचे चार पर्याय

रविवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी वाडीतली पुतळीबाय टीव्हीवर दिसली. चौदा सेकंद.

गणेशगुडीजवळच्या एका लॉजवर कुठल्याशा वाहिनीने जंगलातल्या मुक्कामाचा खेळ चित्रित केला होता. स्पर्धकांवर नजर ठेवायला झाडांना कॅमेरे आणि माइक बांधले होते. त्यातला एक वाडीच्या देवाच्या दगडासमोर होता. तिथे गाऱ्हाणं मोठ्याने घालतात. मनातलं देवाला पोचत नाही, असं वाडीत मानतात. म्हणून माणूस एकटा जातो. कुणी आधीच उभं असेल तर दुसरा ऐकू येणार नाही इतका लांब थांबतो.

खेळात स्पर्धकांना आधी नुसतं चित्र दाखवलं. बाई काय मागतेय, ओळखा: पाऊस, नवरा, सून की लॉटरी? एकीने 'नवरा' म्हटलं, बाकीचे हसले. मग आवाज सोडला. "देवा, सुनयनाची फिट आवर. लगीन होईतो कुणाच्या कानावर जाऊ दी नको." चारही पर्याय चुकले, म्हणून कुणालाच गुण मिळाले नाहीत.

सुनयना पुतळीची लेक. अणशी गावच्या महाबळेश्वर नावाच्या माणसाच्या मुलाशी, वासूशी, तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा दहा दिवसांवर, बुधवारी.

सोमवारी सकाळी महाबळेश्वर आला. पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं नाही.

"पुतळीबाय, एवढ्या मोठ्यानं कशाला बोललीस?"

"देवाला ऐकू जाया नको?"

"गेलं की. देवाला गेलं, शिरसीपतोर गेलं."

सुनयना दारात आली. "मामा, वासूला मी आधीच सांगितलंय. त्याच्यासमोर एकदा फिट आली बी हाय."

"ठाऊक हाय. त्यानं मला तवाच सांगितलं. मी काय बोललो? न्हाई बोललो. पर तवा आमी दोघंच जाणत होतो. आता बसचा कंडक्टर इच्यारतोय, सून कशी हाय म्हणून."

पुतळीने लेकीकडे पाहिलं. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते जाणून होते, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी ती लॉजवर गेली. वाहिनीची माणसं केव्हाच निघून गेली होती. मॅनेजर संदीपने वाहिनीला फोन लावून दिला. पलीकडचा आवाज गोड होता.

"मावशी, फॉर्मवर सही आहे तुमची."

चित्रीकरणाच्या दिवसांत लॉजच्या स्वयंपाकघरात कंद द्यायला गेली तेव्हा फाटकावर तिने एका इंग्रजी कागदावर सही केली होती. आत सोडायचा पास असेल, असं तिला वाटलं होतं.

"ते काढून टाका, बाबा."

"अहो, लोकांना फार आवडलात तुम्ही. पुढच्या भागात प्रत्यक्षच या ना."

गुरुवारी संध्याकाळी ती क्लिप मोबाइलवर तशीच होती. खाली लोक अजून उत्तरं लिहीत होते.

महाबळेश्वरने लग्न मोडलेलं नाही आणि साखरपुड्याची तयारीही सुरू केलेली नाही. शुक्रवारी सकाळी वासू पिशवी घेऊन अणशीच्या थांब्यावर उभा असलेला लोकांनी पाहिला. सुनयनाच्या वाडीच्या दिशेने जोयड्याकडे जाणारी आणि उलट दिशेने कारवारकडे जाणारी, दोन्ही बसगाड्या एकदमच आल्या. तो कुठल्या गाडीत चढला ते कुणी पाहिलं नाही. त्याचा फोन बंद आहे.