वाफेत मेलेली पूड

धाकटीच्या दोन तळ्यांतले मासे खाणं टाकू लागले, तेव्हा थोरलीनं तिला शब्द दिला होता, "असं खाद्य करून देते, पोटं ताळ्यावर येतील." थोरलीचा मासेखाद्याचा लहानसा कारखाना होता. पोटाला उपकारक अशा जिवंत जिवाणूंची पूड तिनं आणली, पिठात कालवली, यंत्रातून गोळ्या काढल्या आणि पोती बहिणीकडे पोचती केली. बरे मासे वेळीच काढून विकू, असं धाकटीचा नवरा म्हणत होता. बहिणीच्या भरवशावर तिनं त्याला थांबवलं.

पण रोज सकाळी फोन यायचा तो एकच.

"ताई, आजही वर आलेत. पोटं फुगलेली."

"दम धर. गुण यायला वेळ लागतो."

थोरली म्हणायची खरी, पण फोन ठेवला की गोळ्या हातात घेऊन उलटसुलट बघत बसायची. शेवटी मूठभर गोळ्या आणि उरलेली पूड घेऊन ती प्रयोगशाळेत गेली.

तिथल्या बाईंनी काही दिवसांनी दोन काचेच्या बश्या पुढे ठेवल्या. एकीत पांढरे ठिपके दाटले होते, दुसरी कोरी.

"ठिपक्यांची तुमच्या पुडीची, ठिपके म्हणजे जिवंत जिवाणू. कोरी गोळ्यांची. पूड घालता कधी?"

"पिठातच."

"आणि मग गोळ्या पाडायला पिठाला वाफ देता?"

थोरलीनं मान हलवली. घरच्या फ्रीजमध्ये ती पूड तिनं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. कुणी दार उघडं ठेवलं की ओरडायची. आणि तिनंच ती गरम वाफेत घालून मारली होती.

"नुसती नवी पोती पाठव," थोरलीचा नवरा म्हणाला. "झाकली मूठ राहू दे."

ती मात्र तडक तळ्यावर गेली. धाकटी गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळीनं मेलेले मासे काढत होती. थोरलीनं काठावरूनच सगळं सांगितलं.

धाकटीनं जाळीतले मासे काठावर ओतले. मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांना नुसतं पीठ घालत होते. आणि तू दम धर म्हणत होतीस."

"हो."

"आता काय करायचं ते सांग."

त्यांनी यंत्रातून काढलेल्या नव्या गोळ्या सावलीत पसरल्या. हाताला पुरत्या गार लागल्यावर तेलात कालवलेली पूड वरून चोळली, लागेल तेवढंच खाद्य केलं. प्रयोगशाळेतल्या नव्या बशीत ठिपके उमटले, तरी थोरलीचा जीव टांगणीलाच होता.

लहान तळं वाचलं नाही. मोठ्यातले मासे हळूहळू खाद्यावर येऊ लागले, आणि एका सकाळी धाकटीनं एवढंच कळवलं, "आज एकही मेला नाही."

धाकटी खाद्य अजून बहिणीकडूनच घेते, पण कोऱ्या गोळ्या. पूड ती स्वतः घालते. थोरलीच्या मनाला ते लागतं, पण ती कोऱ्या गोळ्यांची पोती वेळेवर पोचती करते.