दारात मिरचीचा ट्रक

"तठेच थांबा! घरमा पाय ठेवू नका!"

पुष्पाबाई मागच्या दारात बादली आडवी धरून उभी होती. समोर तिचा नवरा चुडामण अंगावर लाल भुकटीचा थर घेऊन हसत उभा होता. पुढच्या खोलीत पाहुणे येऊन पाऊण तास झाला होता. पाचोऱ्याकडचे लोक प्रमिलेला पाहायला आले होते, आणि मुलीचा बाप आत्ता कुठे ट्रक दारात लावून उतरला होता.

"वाटमा टायर पंचर व्हयना," त्याने उशिराचे कारण सांगितले.

"तुम्हना टायरले आजनाच मुहूर्त सापडना का? आंघोय करा पह्यले. दोन बादल्या. साबन लाईसन."

चुडामण बावीस वर्षे ट्रक चालवत होता. हंगाम सुरू झाला की दोंडाईचाची मिरची भरायची आणि दिल्ली गाठायची. घर नरडाण्याला, आग्रा रोडला लागूनच. त्यामुळे घर म्हणजे त्याच्या वाटेवरचा आणखी एक थांबा होता. दिवस उजाडायच्या आत रेडिएटरमध्ये पाणी, काचेपुढे अगरबत्ती, मग सेंधव्याचा घाट, ऊन चढले की ढाब्यावरच्या बाजेवर तासभर पाठ टेकायची, आणि पुन्हा गाडीवर. दाढी करायची ती गाडीच्याच आरशात. आठ-दहा दिवसांनी परत आला की एक रात्र घर, आणि पुन्हा मिरची.

त्याच्या नाकाने तर केव्हाच राजीनामा दिला होता. मिरचीच्या गोण्यांवर तो खुशाल झोपायचा. इतरांचे तसे नव्हते. तो गल्लीत शिरला की आधी शेजारची म्हातारी शिंकायची, मग म्हैस, आणि शेवटी पुष्पाबाई. पदर नाकाला लावून ती नवऱ्याचे स्वागत करायची, "उनात का?"

एवढ्या फिरतीत घरातले बरेच काही त्याच्या हातून निसटले होते. प्रमिला जन्मली तेव्हा तो कानपूरला होता, तिच्या बारशाला ग्वाल्हेरला. ती दहावी पास झाल्याचे त्याला शिवपुरीच्या ढाब्यावर दुसऱ्या एका ड्रायव्हरने सांगितले. तेव्हा त्याने सगळ्या ढाब्याला पेढे वाटले, पण घरी पोचला तोवर निकाल शिळा झाला होता. म्हणून या वेळी त्याने पोरीला शब्द दिला होता, "तुले देखाले येतीन तव्हय मी घर ऱ्हासूच."

स्थळ चांगले होते. मुलगा वीज मंडळात लाइनमन. हे स्थळ आणले होते पुष्पाबाईच्या भावाने, भाईदासने. भाईदास धुळ्याला तहसील कचेरीत कारकून. बोलणे शुद्ध, रुमाल पांढरा. मुलीचा बाप ड्रायव्हर आहे हे त्याने पाहुण्यांना सांगितलेच नव्हते. ड्रायव्हर म्हटले की लोकांच्या कपाळाला आठी पडते, असे त्याचे म्हणणे. पाहुण्यांची रीत मात्र सरळ होती. मुलगी पसंत पडली की कुंकू लावायचे, त्याच बैठकीत सुपारी फोडायची आणि पेढा खाऊन उठायचे. सुपारी फुटली म्हणजे बोलणे पक्के.

चुडामणने दोन बादल्या ओतल्या, साबणाची वडी निम्मी केली आणि पांढरा शुभ्र शर्ट चढवला. हा शर्ट त्याने खास आजच्यासाठी दोंडाईचात इस्त्री करून घेतला होता आणि चुरगळू नये म्हणून कॅबिनमध्ये खुंटीला लावला होता. गाडी भरत होती तेव्हाही तो तिथेच लटकत होता. आरशात पाहून चुडामण स्वतःवरच खूश झाला आणि पुढच्या खोलीत गेला.

"हे आमचे दाजी," भाईदास म्हणाला. "ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये असतात."

चुडामणने हात जोडले. मुलाचे वडील जीवराम आबा, धोतर-टोपीतला उंचापुरा माणूस, भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी मुलगा, खाली मान घालून. मुलाची आई द्रौपदाबाई हसतमुख होती, म्हणजे पोरगी तिच्या मनात भरली होती. तिने प्रमिलेला पुढे बसवले, कुंकवात बोट बुडवले, हात कपाळाशी नेला आणि जोरात शिंकली.

बोट तसेच हवेत राहिले. कुंकू लावताना शिंक! म्हणजे अपशकुनच. मग मुलगा शिंकला. जीवराम आबा शिंकले. भाईदासने रुमाल काढला, पण रुमाल नाकापर्यंत पोचायच्या आत तोही शिंकला. शिंकला नाही तो एकटा चुडामण, आणि तो काळजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता.

द्रौपदाबाईने बोट पुसून टाकले. "ऱ्हाऊ द्या आते. पाडवा व्हवू द्या, मंग देखूत."

'मंग देखूत'चा अर्थ काय, हे प्रमिलेलाही कळले. ती खाली पाहत आत निघून गेली. भाईदासने चुडामणला दंडाला धरून बाहेर आणले.

"दाजी, हा शर्ट कुठे ठेवला होता?"

"कॅबिनमा. खुंटीले. इस्त्री करीसन."

"अन् मागे गाडीभर मिरची!" भाईदासने कपाळावर हात मारला. "तुम्ही आता इथेच थांबा. मी आत जाऊन सांभाळतो. जमलंच तर सुपारी मी फोडीन. मामाच आहे मी."

आपण बाहेर राहिल्याने पोरीचे जमत असेल तर दिल्लीपर्यंत बाहेर राहू, असे चुडामणने मनाशी म्हटले, पण ते काही त्याला पटले नाही. हाताला चाळा म्हणून त्याने गाडीतून टॉमीची लोखंडी कांब काढली आणि एकेका टायरवर ठोका मारून हवा तपासू लागला. हवा सगळीकडे ठीक होती.

चौथ्या टायरपाशी तो पोचला तेव्हा मागून शिंक ऐकू आली. जीवराम आबा तंबाखूचे निमित्त करून बाहेर आले होते.

"दोंडाईचानी मिरची शे ना हाई?"

"हां, आबा."

"माले वाटनंच! जवान व्हतू तव्हय सात वरीस गोण्या उचल्यात मी तठे. अशी शिंक दुसरी कोठेच येत नही." आबांनी ट्रकच्या फळीवर थाप मारली. "गाडी कोनी?"

चुडामणने दाराकडे पाहिले. भाईदास दारात येऊन डोळ्यांनी खुणा करत होता.

"गाडी मालकनी," चुडामण म्हणाला. "मी डायवर शे."

भाईदासने महिनाभर जे झाकून ठेवले होते, ते तीन शब्दांत उघडे पडले. आबांनी एकवार भाईदासकडे पाहिले, मग खिडकीकडे वळून त्यांनी बायकोला मोठ्याने हाक दिली, "अवं, हाई शिंक मिरचीनी शे, देवनी नही! मिरचीनी शिंक अपशकुन ऱ्हाती तं दोंडाईचामा एकबी लगीन व्हतं नही! कुंकू लाव पोरले, आनि सुपारी बाहेर लई ये!"

आतून आधी शिंक आली आणि मग हसणे आले.

"सुपारी मी फोडतो ना, आबा," भाईदास पुढे झाला. "दाजींचं जरा..."

"बाप दारमा उभा शे, आनि मामा सुपारी फोडी? आम्हनाकडे अशी पद्धत नही."

सगळी बैठक नाक धरून ट्रकपाशी आली. पुष्पाबाई बत्ता आणायला वळली, तर आबा म्हणाले, "त्याना हातमा काय शे? तेच चाली." त्यांनी सुपारी ट्रकच्या पायरीवर ठेवली. ती गोल, घरंगळू लागली. तेव्हा आबा धोतर आवरून उकिडवे बसले आणि त्यांनी दोन बोटांत सुपारी धरली.

"मारा. मी धरस."

चुडामणने टॉमी उचलली. जड टायर त्याने या टॉमीने शेकडो वेळा उचकटले होते. पण आता खाली दुसऱ्याची बोटे होती. पहिला घाव इतका हळू पडला की सुपारीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"व्याही," आबा तसेच बोटे धरून म्हणाले, "पोर देतस, का परत लेतस?"

सगळे हसले. चुडामणही हसला. कुंकू लावलेली प्रमिला उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, हे त्याला माहीत होते. त्याने टॉमी पुन्हा उचलली, आणि सुपारी फुटेपर्यंत दाराकडे पाहिले नाही.