कोट अंगावरच जाणार

"सर, तुमच्याकडे नळातून बर्फ येतो का?"

हा प्रश्न माझा नव्हे, निशा आणि हर्षदाचा. मी वर्गात एवढंच म्हटलं होतं, की पप्पा लेसोथोला चाललेत आणि तिथे जुलैमध्ये हिवाळा असतो. दोघी बाकावर लोळायच्या बाकी राहिल्या. "आफ्रिकेत हिवाळा! सरू, सिंह काय मफलर घालून फिरतात?" मग हर्षदा म्हणाली, "तुझ्या पप्पांच्या त्या साहेबांना विचार ना. हिंमत असेल तर."

गेल्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून डबा उघडला असता. पण यंदा मी वक्तृत्वात पहिली आलेय. घरी आले, पप्पांचा फोन घेतला आणि मोलेफी साहेबांना तोडक्यामोडक्या इंग्रजीत हा प्रश्न बोलून पाठवून दिला.

मोलेफी साहेब लेसोथोच्या एका कापड गिरणीचे मॅनेजर. पप्पा सुरतेत डिंडोलीच्या कारखान्यात लूमचे फिटर आहेत, आणि त्यांचे शेठ त्या गिरणीला वीस लूम विकतायत. ते बसवून द्यायला पप्पांनी तीन महिने जायचं. आमच्या नवागामच्या गल्लीतून विमानात बसणारा पहिला माणूस! पप्पांनी त्यासाठी पांढरे हाफ शर्ट शिवून घेतले. चार. सगळे हाफ.

साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. नळातून बर्फ येत नाही, नळच गोठतो, सकाळी आम्ही पाइपावर गरम पाणी ओततो. सोबत फोटो. गिरणीच्या दारात साहेब उभे, अंगावर जाड रंगीत ब्लँकेट, खांद्याशी भलीमोठी पिन.

मम्मीनं चष्मा लावून पाहिलं. "माय वं! हाऊ तं गोधडी पांघरीसन ऑफिसले येल शे!"

त्या दिवसापासून बॅग माझ्या ताब्यात. भूगोलाचं पुस्तक काढलं, नकाशा काढला. लेसोथो म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला चिमुकला देश, पण नुसता डोंगर. पाऊस तिथे आपल्या दिवाळीनंतर. जुलै कोरडा, दुपारी ऊन, रात्री शून्याच्या खाली. म्हणून छत्री बाहेर. लोकरी टोपी, हातमोजे, दोन इनर आत. सुरतेत जून महिन्यात हातमोजे मागितले तर दुकानदार काय विचारतो माहितीये? "बेन, ओव्हनवाला?"

खरा घोळ कोटाचा. गजेंद्रमामा भुसावळला रेल्वेत आहे. त्यानं आपला जाड काळा कोट पाठवला. चार किलो. विमानात बॅग तेवीस किलोच चालते. शेजारच्या सुताच्या दुकानातून हुकाचा काटा आणला. रिकामी बॅग तीन, पप्पांचे पाने-हातोड्या आठ, मम्मीचे ज्वारीचे बिबडे, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि चटण्या सात, कपडे चार. झाले बावीस. हातातली बॅग शेठनं दिलेल्या स्पेअर पार्टनी आधीच भरलेली.

मम्मीनं कोट उचलला आणि सरळ कपाटात टाकला.

"मम्मी! पीठ काढ ना त्यातलं!"

"पीठ काढू? त्यास्ना पोटमा काय जाई? बर्फ?"

"मग पाने."

पप्पा बॅगेवर बसलेच. "पाने काढायचे नाहीत. परक्या पान्यानं माझा हात चालत नाही." मग मला समजावत म्हणाले, "बेटा, कोट लागतच नाही. दिवसभर लूमजवळ असणार मी. लूम पेटल्यासारखा गरम असतो."

"चालू लूम गरम असतो, पप्पा. तुम्ही बंद लूम बसवायला चाललात. शून्य डिग्रीचं लोखंड, आणि तुमचे हाफ शर्ट."

हे पप्पांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते नखानं बॅगेची चेन खरवडत राहिले.

मला दोन वर्षांपूर्वीचं अमळनेर आठवलं. मावशीच्या लग्नाला डिसेंबरात गेलो होतो. मम्मीनं पप्पांच्या हातात स्वेटर दिला, पप्पा तो बसच्या सीटखाली 'विसरले'. पाहुण्यांत नवा शर्ट झाकला जाऊ नये म्हणून. परत आल्यावर न्यूमोनिया. आठ दिवस दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजनची नळी. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून पाढे म्हणत होते, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. लेसोथोच्या डोंगरात त्यांच्या उशाशी कोण बसणार?

"अंगात घातलेल्या कपड्यांचं वजन होत नाही," मी म्हटलं. "कोट घालून जायचं."

पप्पा हसले. "जूनमध्ये? सुरत स्टेशनवर? अगं, अख्खं नवागाम हार घेऊन येतंय. लोक म्हणतील, निंबा फिटरला ताप आलाय की वेड लागलंय?"

"लोके हासतीन," मम्मी म्हणाली.

"हातात घेतो मग," पप्पा घाईनं म्हणाले. "मुंबईला विमानतळावर घालतो. शपथ."

"जसा अमळनेरला घातला तसा?"

मम्मीनं पप्पांकडे बघितलं. पप्पांनी पंख्याकडे. मग मम्मी उठली, कपाटातून कोट काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी उठून उभी राहिले. वक्तृत्वाला उभी राहते तशी, पाय जमिनीला घट्ट.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. शनिवारी निघताना कोट पप्पांच्या अंगातच असणार, घरापासून. आणि मी माझा शाळेचा निळा स्वेटर घालून येणार, वर मफलर. गाडी हलेपर्यंत पप्पांच्या शेजारी उभी राहणार. नवागामला हसायचंच असेल तर आधी माझ्यावर हसू दे."