कोरडा पडलेला काचस्तंभ

मी एक जुना काचेचा स्तंभ आहे. मित्रांनो, स्तंभ म्हटल्यावर देवळाचा खांब आठवू नका. मी हातभर लांबीची नळी आहे आणि माझ्या तळाशी तोटी आहे. मिसळलेली प्रथिने वेगळी करायची, हे माझे काम. बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ते केले.

माझ्या बाई डॉ. सरोजिनी. कंग्राळीच्या शेतकऱ्याची ही मुलगी चिंचोक्यातल्या शर्करांवर पीएचडी करून आली आणि पुढे ग्लायकोप्रोटीनांकडे वळली. ग्लायकोप्रोटीन म्हणजे साखरेच्या बारीक साखळ्या लगडलेले प्रथिन. बाईंचे मामा मूत्रपिंडाच्या एका आजाराने गेले. निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. त्या आजारात रक्तातल्या एका प्रथिनावरची साखळी अपुरी राहते. ती खूण आधीच सापडेल का, हा बाईंचा ध्यास होता.

साखर ओळखून धरून ठेवणारे एक प्रथिन फणसाच्या आठळ्यांत असते. म्हणून दर उन्हाळ्यात बाईंचे भाऊ महादेव पिशवीभर आठळ्या आणून देत.

"आक्का, भाजून खायच्या सोडून ह्येचं काय करतीस गं?"

"साखर पकडते रं," बाई हसून म्हणत.

ते प्रथिन बारीक मण्यांवर बसवून बाई मला भरत. वरून रक्तद्रव सोडला की हवी ती प्रथिने मण्यांना चिकटत आणि बाकी सारे वाहून जाई. मग साखरेचे पाणी ओतले की चिकटलेली प्रथिने सुटत. खालच्या नळीत ती थेंब थेंब जमताना बाई जेवण विसरत. एका परिषदेत माझा फोटो पडद्यावर झळकला, तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

मग संस्थेने बाईंना प्राचार्य केले. "एक वर्ष सांभाळा," म्हणाले. बाईंनी मला ओले ठेवून झाकण लावले, कपाटाला कुलूप घातले आणि शिपाई यल्लाप्पांना सांगितले, "महिन्याभरात येते."

वर्षामागून वर्षे गेली. कपाटात उजेड नव्हता. माझ्यातले पाणी आटले, मण्यांना तडे गेले, तोटी घट्ट बसली. कधीतरी बाईंच्या चपलांचा आवाज दारापर्यंत येई. मी वाट पाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजे आणि पावले माघारी वळत.

अखेर प्रयोगशाळेच्या जागी संगणककक्ष करायचे ठरले. बाई स्वतः कुलूप काढायला आल्या. सोबत टिळकवाडीची अदिती होती, नुकतीच लागलेली रसायनशास्त्राची शिक्षिका.

"मॅडम, ही काच भंगारात घालू काय?" यल्लाप्पांनी विचारले.

बाईंनी मला हातात घेतले आणि वरून पाणी ओतले. ते कडेकडेने उतरून बंद तोटीपाशी साचले. मणी काही भिजेनात.

"मेलाय हा," बाई म्हणाल्या.

"काच धड आहे, मॅडम. पुन्हा भरू की."

"कशाला गं? ते काम दुसऱ्यांनी केव्हाच पुढं नेलं. मी वर खुर्चीत बसून त्यांचे पेपर वाचले."

"पण आपल्या भागातल्या लोकांचं रक्त कुणी तपासलंय?"

बाईंनी जुडग्यातून किल्ली काढून अदितीच्या हातात दिली. "संगणक दुसरीकडं बसतील, मी बघते. यल्लाप्पा, काहीच टाकू नका."

"मॅडम, तुम्हीपण या ना."

फोन वाजला. "येते," म्हणत बाई जिना चढून गेल्या.

कोमट पाण्यात ठेवल्यावर माझी तोटी सुटली. अदितीने मला नव्याने भरले. आता माझ्यातून पुन्हा थेंब पडतात. बाईंचे स्टूल मात्र रिकामेच आहे. कुलूप माझे निघाले, त्यांचे नाही.

मित्रांनो, काचेची भांडी धुऊन ठेवा. भरलेला स्तंभ कोरडा पडू देऊ नका. आणि जिवाभावाचे काम सुटून कुणी खुर्चीत अडकले असेल, तर एकदा बोलावून थांबू नका. अदिती थांबत नाही. रोज संध्याकाळी ती ऑफिसच्या दारात उभी राहून विचारते, "मॅडम, खाली येताय ना?"