उजवा पीळ

"अरे शहाण्या, लाल चिमटा पिवळ्याला काय चिकटवतोयस? लालची जोडी कुणाशी?"

"हिरव्याशी, बाई."

"मग पिवळ्याच्या गळ्यात कशाला पडलास? सोड त्याला आधी!"

वर्ग खो खो हसला. कान लाल झालेल्या मुलाने चिमटे उपटले आणि पुन्हा नीट लावले. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या ताणलेल्या होत्या. एका दोरीवरचा चिमटा समोरच्या दोरीवरच्या चिमट्याला पकडून होता. लाल धरणार हिरव्यालाच, पिवळा धरणार निळ्यालाच. बाईंच्या वर्गात डीएनए म्हणजे हा एवढाच पसारा होता. शाळेत त्यांना 'दोरीवाल्या बाई' म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

"आता दाराकडचं टोक कडीतून काढा आणि पीळ द्या. कुठल्या बाजूला?"

सगळ्या वर्गाने उजव्या हाताची मूठ वळून अंगठा वर केला. बोटं जशी वळतात तशी शिडी वर चढत जाते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. "डाव्या मुठीत बसला तर समजा घोळ झाला," असं त्या दरवर्षी सांगायच्या.

मग एक उंच मुलगी नक्कल उतरवणारं एन्झाइम झाली. तिने चार-पाच जोड्या सोडवून दोऱ्या बोटांनी फाकवल्या आणि एका दोरीवरचे रंग वाचत तिसरी, सुटी दोरी भरायला घेतली. समोर निळा दिसला की इथे पिवळा, हिरवा दिसला की लाल. समोर लाल आल्यावर तिने सवयीने हिरवा उचलला आणि वर्ग ओरडला, "पांढरा! पांढरा!" कारण आरएनएच्या नकलेत हिरवा नसतोच, त्याच्या जागी दुसरंच अक्षर बसतं. एन्झाइम पुढे उघडत गेली, मागच्या जोड्या पुन्हा मिटत गेल्या. भरलेली तिसरी दोरी एकाने उचलून दाराबाहेर पळवली, कारण दार ही केंद्रकाची वेस होती आणि व्हरांड्यात प्रथिनांचा कारखाना होता.

"डीएनए का नाही गेला बाहेर?"

"मूळ घराबाहेर पाठवत नाहीत, बाई!"

"आणि नकलेचं पुढे काय होतं?"

"कामापुरती वापरतात, मग तोडून टाकतात!"

"आणि मूळ?"

"जपून ठेवतात!"

दारात मुख्याध्यापक उभे होते. ते टाळ्या वाजवत आत आले तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण कौतुकाला हपापलेल्या माणसाला असलं काही ऐकू येत नाही.

"तुमच्या या धड्याचा व्हिडिओ करायचाय," ऑफिसात ते म्हणाले. "आपल्या संस्थेच्या सगळ्या शाखांत दाखवू. आणि बाई, पुढच्या वर्षी जीवशास्त्राची कायमची जागा निघतेय. आता मी वेगळं काय सांगू?"

बाई तासावर शिकवणाऱ्या होत्या. वर्ष संपलं की दर वेळी नारळ, शाळा उघडली की पुन्हा बोलावणं. केस पिकले तरी हजेरीपटावर नाव पेन्सिलीनेच. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून घर त्यांच्या तासांवरच चाललं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना पोटापेक्षा त्या पेन्सिलीची लाज जास्त वाटायची. एकदा तरी नाव शाईने लिहिलं जावं, एवढीच त्यांची इच्छा.

व्हिडिओ घ्यायला लग्नसमारंभाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर आला. टेबलावर काळं कापड पसरून त्याने कॅमेरा बाईंच्या हातांवर रोखला. बाईंनी नवी साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. तो म्हणाला, "चेहरा नको. फक्त हात द्या."

"आणि मी बोलते ते?"

"बोला ना. आवाज नंतर बघू."

बाई बोलल्या, जीव ओतून बोलल्या. हातांनी दोऱ्यांना पीळ दिला, चिमटे उघडले, मिटले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख पूर्वी दारात चिरडून मधोमध दुभंगलं होतं. ते कॅमेऱ्यात वाईट दिसेल म्हणून त्या अंगठा लपवायला बघत होत्या. "असू द्या हो," फोटोग्राफर म्हणाला, "हातांकडे कोण बघतंय?"

घरी नवरा ऐकून म्हणाला, "अगं, सगळा धडा देऊन बसलीस? आधी जागेचं लेखी घ्यायचं होतंस."

"तुम्हाला सगळीकडे काळंबेरंच दिसतं."

"बंद पडलेली घड्याळं उघडण्यात जन्म गेला माझा. दुसरं काय दिसणार?"

शाळा पुन्हा उघडली तेव्हा वर्गात फळ्याच्या जागी भलामोठा पडदा लागला होता. उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांची सून आली होती. दिवे मालवले आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिचा हसरा चेहरा उमटला. "मुलांनो, डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी." वाक्य बाईंचं होतं. पुढचंही बाईंचं, त्याच्या पुढचंही. आवाज तेवढा गोड, धुऊन इस्त्री केलेला. आणि मधोमध काळ्या कापडावर बाईंचे हात.

पण खरा धक्का पुढे होता. पडद्यावरच्या हातांनी पीळ दिला तशी बाईंची उजवी मूठ मांडीवर आपोआप वळली, आणि पडद्यावरची शिडी तिच्यात बसेना. त्यांनी हळूच डावी मूठ वळली. चपखल बसली.

फोटोग्राफर शेवटच्या रांगेत होता. बाईंनी त्याला बाहेर गाठलं.

"हे उलटं कसं झालं?"

"कळलं होय तुम्हाला?" तो कौतुकाने हसला. "ताईंचा चेहरा डाव्या कोपऱ्यात हवा होता. तुमचे हात त्याच बाजूने येत होते, अडचण व्हायला लागली. मग चित्र आरशासारखं फिरवून टाकलं. लग्नाच्या अल्बमात नेहमी करतो. नवरी नको त्या बाजूला उभी राहिली की फिरवायची. आजवर कुणी ओळखलं नाही."

त्याच्या मनात पाप नव्हतं. त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना, हे बाईंना जास्त लागलं. त्या तडक ऑफिसात गेल्या.

"सर, तो डीएनए उलटा आहे. आपल्या पेशींत उजवा पीळ असतो, पडद्यावर डावा आहे."

"बाई, शिडी ती शिडी. डावीकडून चढा नाहीतर उजवीकडून, वरच पोचणार ना?"

"मुलं चुकीचं शिकतील!"

"व्हिडिओ सगळ्या शाखांत गेलाय. अध्यक्षांना काय सांगू, सूनबाईंचा डीएनए वाकडा निघाला म्हणून?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि ते हात कुणाचे, हे कुठे बोलू नका. बरं दिसत नाही."

"आणि जागा?"

"आता जागेची गरजच कुठे उरली? धडा तयार आहे. पण तुम्हाला वाऱ्यावर नाही सोडणार. बटण दाबायला, मुलांना गप्प बसवायला कुणीतरी लागतंच की."

गरज सरो, वैद्य मरो. बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. घरी आल्यावर मात्र बांध फुटला. "मी वर्षानुवर्षं काय शिकवलं हो? नक्कल कामापुरती, मूळ जपून ठेवतात! पेशीलासुद्धा एवढी अक्कल असते! इथे नक्कल पडद्यावर आणि मूळ उकिरड्यावर. तीही धड नक्कल नाही!"

"हात दाखवून अवलक्षण," नवरा म्हणाला. बोलल्यावर त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत दोऱ्या आणि चिमटे होते. शाळेतलं कपाट रिकामं करायला सांगितलं होतं.

"उद्यापासून जाऊ नकोस."

"आणि खायचं काय? तुमची बंद घड्याळं?"

बाई गेल्या. पडद्याशेजारच्या खुर्चीत बसून बटण दाबायला लागल्या. व्हिडिओ चालू असताना बोलायचं नाही, असा नियम होता. मुलं हसत नव्हती, चुकत नव्हती, ओरडत नव्हती. पडद्यावर दिसेल ते वहीत उतरवत होती. एकेका वहीत डावा पीळ चढताना बाईंना दिसायचा, आणि त्या खिडकीबाहेर बघायच्या.

एक दिवस तास संपल्यावर एक बारकी, चष्मेवाली मुलगी मागे रेंगाळली.

"बाई, एक विचारू? ते पडद्यावरचे हात तुमचे आहेत ना?"

"कशावरून?"

"नखावरून. मधोमध दुभंगलेलं. तुम्ही बटण दाबता तेव्हा रोज दिसतं मला."

एवढ्या दिवसांत कुणीतरी हातांकडे बघितलं होतं. हो म्हणायला बाईंचे ओठ उघडले, आणि पडद्यावर थांबलेली ती डाव्या पिळाची शिडी त्यांना दिसली. ती आपली म्हणायची? तिच्यावर नाव सांगायचं?

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "पडद्यावर कुठल्या अंगठ्याचं नख फुटलंय?"

"डाव्या."

बाईंनी आपला उजवा अंगठा पुढे केला. "आणि माझं?"

मुलगी पडद्याकडे बघत राहिली, मग अंगठ्याकडे. "हो की," ती खजील होऊन म्हणाली. "सॉरी, बाई. मला उगीच वाटलं."

"माझे हात असा पीळ देत नाहीत." बाईंनी तिचा उजवा हात धरून मूठ वळवली, अंगठा वर केला. "असा असतो. बोटं वळतात तसा चढणारा. उजवा."

"पण हेडसरांनी सांगितलंय, परीक्षेत पडद्यावर आहे तसंच काढायचं. नाहीतर मार्क जातील."

बाईंनी तिचा हात सोडला.

"मग परीक्षेत डावा काढ," त्या म्हणाल्या. "डोक्यात उजवा ठेव."

मुलगी मूठ तशीच धरून दाराबाहेर गेली. व्हरांड्यात गर्दीत शिरताना तिने ती सोडली आणि दप्तराचा पट्टा सावरला.

पुढची तुकडी आत आली. बाकं सरकली, वह्या उघडल्या गेल्या. बाईंनी दिवे मालवले आणि त्याच अंगठ्याने बटण दाबलं.