तीन बटणांची मज्जापेशी

चौसष्ट साली मी पनवेलला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि प्रदर्शनासाठी मी चक्क एक मज्जापेशी बनवली. हसू नका! रेडिओची बॅटरी, वीज साठवणारा एक कंडेन्सर, इवलासा निऑनचा दिवा आणि घंटेची तीन बटणं, एवढाच सगळा कारभार. मेंदूतली पेशी म्हणे एका निरोपावर पेटत नाही. निरोप साठावे लागतात, आणि साठता साठता ते गळतही असतात. गळतीपेक्षा भरती जास्त झाली तरच माझा दिवा लुकलुकायचा. प्रत्येक बटणामागे वीज अडवणारा एक रेझिस्टन्स. तो जितका मोठा, तितका त्या बटणाचा आवाज बारीक.

घरात तेव्हा एकच विषय होता: इस्रायलला जायचं की नाही. आम्ही कोकणातले ज्यू, आणि आमची माणसं एकेक करून तिकडे निघाली होती. बाबा सकाळी जायचं म्हणत आणि संध्याकाळी विहिरीचं पाणी गोड लागतं म्हणत. धाकटा मनासे एका पायावर तयार. मला मात्र मुळीच जायचं नव्हतं. माझी प्रयोगशाळा, माझ्या विद्यार्थिनी, सगळं इथे होतं.

"ताई, तुझ्या यंत्रालाच विचारू या," मनासे म्हणाला. "ज्याला जायचंय त्याने बटण दाबायचं."

मी म्हटलं, ठीक, घरात ज्याच्या शब्दाला जेवढं वजन तेवढंच बटणाला. बाबांना सगळ्यात छोटा रेझिस्टन्स, मनासेला मधला, आईला सगळ्यात मोठा. लग्न झाल्यापासून "तुम्ही म्हणाल तसं" यापलीकडे तिने मत दिलंच नव्हतं. शिवाय मी लबाडी केली. बाबा आणि मनासे मिळूनही दिवा लागू नये, इतकी गळती ठेवली.

रविवारी जेवणं झाल्यावर दोघांनी बटणं दाबली. दिवा ढिम्म! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली आणि तिने आपल्या बटणावर अंगठा ठेवला. तरी काही नाही.

"माझं बटण बिघडलंय का गं, तमार?"

"नाही आई. तुझा रेझिस्टन्स मोठा आहे. तुझं फारसं पोचत नाही."

"कुणी बसवला?"

"मी."

तिने अंगठा काढला नाही. "मला जायचंय," ती म्हणाली. "शुलामिथला तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्या पाठची बहीण. तिची पत्रं मी वाचून दाखवते, तुम्ही हं हं करता."

"अगं, मग बोलायचंस ना!" बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही बोलायचं थांबलात तर बोलू ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी तिला विचारलं नव्हतं, ते जुन्या वळणाचे. मी तर शिकलेली, आणि मी मोजूनमापून तिचा आवाज बारीक केला होता. मी पक्कड घेतली, तिचा रेझिस्टन्स काढला आणि बाबांच्याहूनही कितीतरी छोटा बसवला. काय होणार ते मला ठाऊक होतं.

"आता दाब. एकटीच."

दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. बाबा हळूच म्हणाले, "ठरलं तर." आई मुलीसारखी हसत सुटली. मला अजूनही जायचं नव्हतं. पण तिला अंगठा काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.